तंबाखूचं पाणी

भवानी पेठ, सोलापूर
चैत्र वद्य ४, शके १८५०

आण्णांच्या पायांशी मायाप्पाचा दंडवत.

हे पत्र पंचाक्षरी मास्तरांच्या हाती पडेल आणि शाळेच्या ओट्यावर तेच तुम्हाला वाचून दाखवतील, म्हणून मास्तरांनाही नमस्कार. मास्तर, अक्षर सांभाळून घ्या. गिरणीत धागे सांधून सांधून बोटं ताठ झाली आहेत, लेखणी नीट धरता येत नाही.

करड्या सुखरूप आहे. तुम्ही कुत्र्याला माझ्या दारात बांधून गेलात, त्यानंतर दोन दिवस तो तुम्ही गेलात त्या रस्त्याकडे तोंड करून बसला. भाकरीला शिवला नाही. तिसऱ्या दिवशी ताकात कुस्करून दिली तेव्हा खाल्ली. खाज मात्र तुम्ही म्हणालात त्याहून जास्त आहे. पोटाखाली आणि शेपटीच्या बुडाशी कातडी लाल झाली आहे. पुढचे पंजे तो दातांनी कुरतडत बसतो. ऊन चढलं की भिंतीला पाठ घासतो, इतकी, की भिंतीचा पोपडा निघाला आहे.

आण्णा, दहा वर्षांनी तुम्ही माझ्या दाराशी आलात आणि बसला नाहीत. पाणीही उभ्यानंच प्यायलात. माझ्या लक्षात आलं, पण बसा म्हणण्याचा मला काय अधिकार? तुम्ही म्हणालात, "आपल्या धनगरवाड्यावरची मान्सं म्हनत्यात, मेंढरांना खरूज लागंल, दांडकं घाला त्याच्या डोक्यात. माझा हात व्हत न्हाई. तू शहरात हाईस, हितं जनावरांचा डाक्टर हाय म्हनत्यात. त्याला दाव." एवढं बोलून तुम्ही निघालात. दहा वर्षांत तुम्ही माझ्याशी एवढं एकच बोलला आहात, म्हणून मी ते शब्दाला शब्द लिहिलं.

तर कळवायचं म्हणजे, करड्याला डॉक्टरला दाखवलं. माणूस चांगला आहे. त्याने जो उपाय सांगितला तो ऐकून तुम्हाला हसू येईल. अंगावरचे केस कातरा आणि तंबाखूचं पाणी उकळून, निववून लावा. म्हणजे आपला बा मेंढरांना जे करायचा तेच. सरकारी डॉक्टरही शेवटी आपल्या बापाच्या वाटेनेच आला म्हणायचं. बाची कातर माझ्या पेटीत आहे. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा सगळं करतो.

काळजी नसावी.

तुमचा,
मायाप्पा


भवानी पेठ, सोलापूर
वैशाख शुद्ध १०, शके १८५०

आण्णांना दंडवत.

तुमचं पत्र मिळालं. लगेच उत्तर लिहायला हवं होतं. गिरणीत पाळी बदलली, त्यात राहिलं.

करड्या बरा आहे. केस कातरल्यामुळे ओळखू येत नाही. थोडा खराब झाला आहे, पण उन्हाळ्यात कुठलं जनावर खराब होत नाही? ऊन फार आहे. सध्या दिवसा तो शेजारच्या काशम्मांकडे असतो. त्या तेलंगी, माग चालवतात. माग खड्ड्यातला आहे, आणि कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ खड्ड्याभोवतीच्या जमिनीवर पाणी शिंपडतात. तिथे गारवा असतो. करड्या तिथे पोट टेकून पडून राहतो.

तंबाखूच्या पाण्याने गुण आला का, असं तुम्ही विचारलं आहे. गुण आहे.

दुसरं लिहिण्यासारखं काही नाही.

मायाप्पा


भवानी पेठ, सोलापूर
वैशाख वद्य १२, शके १८५०

आण्णांना दंडवत.

करड्याच्या अंगावर बोटभर लव आली आहे. लाली गेली. पंजे कुरतडायचं थांबलं. हे खरं आहे.

तुम्ही लिहवलं आहे की, त्याला घेऊन ये, ताट मांडून ठेवतो. पत्रातलं तेवढंच वाक्य मी गिरणीत जेवायच्या सुट्टीत काढून वाचतो. पण सध्या रजा मिळणं कठीण आहे. आणि करड्याला एवढं अंतर उन्हातून चालवणं बरं नाही. पाऊस पडू द्या, मग पाहू.

तुम्ही वाड्यावर सगळ्यांना सांगता म्हणे, की माझ्या भावाच्या हाताला बाचा गुण आहे, मरणाऱ्या कुत्र्याला त्याने बरं केलं. असं सांगू नका. माझी विनंती आहे.

मायाप्पा


भवानी पेठ, सोलापूर
ज्येष्ठ शुद्ध ३, शके १८५०

आण्णा,

तुमचं पत्र आज कामावरून आल्यावर मिळालं. ज्ञानबाच्या कुत्रीचंही अंग खाजतं, तिला पिलं आहेत, आणि परवाच्या बाजारात तंबाखू घेऊन तो माझाच उपाय करणार आहे, असं त्यात आहे. टपालाने उत्तर पाठवलं तर ते बाजारानंतर पोचेल. म्हणून हे पत्र मी स्वतः घेऊन पहाटे निघतो. ज्ञानबाची वस्ती आधी लागते. तिथे थांबून त्याला सांगेन की कुत्रीला तंबाखूचं पाणी लावू नको, कातरूही नको. मगच शाळेकडे येईन.

तेवढं मला तोंडाने सांगता येईल. बाकीचं येणार नाही. तुमचा चेहरा पाहिला की मी काहीतरी गाळीन, काहीतरी गोड करीन. मी स्वतःला ओळखतो. म्हणून बाकीचं लिहून आणतो आहे. मास्तर, माझी खोटी पत्रं तुम्ही ओट्यावर सगळ्यांसमोर वाचलीत. हेही तिथेच वाचा. वाचताना काही गाळू नका.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की डॉक्टरला दाखवलं. दाखवलं नव्हतं. त्या दिवशी करड्याला घेऊन दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. आत टांग्यांची घोडी होती, एका वकिलाची गाय होती. दारावरच्या शिपायाने जात विचारली. मी धनगर म्हणालो. तो हसून म्हणाला, "धनगर असून जनावराचं औषध विचारायला आलास व्हय? तुमच्याकडं आमी यावं की." चेष्टाच होती, पण ती मला गोड लागली. गिरणीत दहा वर्षं मला कुणी धनगर म्हटलं नव्हतं. मी फाटकातून मागे फिरलो. आमच्या आळीत येडू राहतो, तालमीतला पैलवान. त्याने वाटेत विचारलं तेव्हा त्यालाही मोठेपणाने सांगितलं, की आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या औषध आहे, डॉक्टर कशाला पाहिजे? आणि तुम्हाला लिहिताना डॉक्टरच्या तोंडी बाचं औषध घातलं. तुमचं म्हणणं मी पाळलं असंही दिसावं, आणि बाचं मी विसरलो नाही असंही दिसावं, म्हणून.

रविवारी सकाळी करड्याला अंगणात आडवा पाडला आणि मेंढराला कातरतात तसा कातरला. माझ्या हाताला सगळं आठवत होतं. आळीतली माणसं बघायला उभी राहिली. करड्याने एकदाही दात दाखवला नाही. मग देठासकट तंबाखू उकळलेलं पाणी फडक्याने सगळ्या अंगाला चोळलं आणि ते सुकावं म्हणून त्याला उन्हातच बांधून ठेवलं. चोळताना मी बिरोबाचं नाव घेत होतो.

आण्णा, मेंढरू स्वतःचं अंग चाटत नाही. कुत्रं चाटतं. एवढी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. बाने तंबाखूचं पाणी कधी कुत्र्याला लावलं नव्हतं. फक्त मेंढरांना लावायचा. मला मेंढराचंच ज्ञान होतं आणि ते मी कुत्र्यावर चालवलं.

मी आत जेवायला बसलो. बाहेर ओरडा झाला म्हणून आलो तर करड्याने दोरी तोडली होती. तो रस्त्याच्या मध्ये झोकांड्या खात होता. तोंडाला फेस होता. पाय थरथरत होते. येडू काठी घेऊन उभा होता आणि मागे आठ-दहा माणसं. पिसाळलंय, पिसाळलंय, असं चाललं होतं. बायकांनी दारं लावून घेतली.

सकाळच्या माणसांपैकी तिथे कुणी नव्हतं. केस कातरल्यामुळे येडूलाही ते कुत्रं ओळखू आलं नाही. त्याने मला विचारलं, "मायाप्पा, कुणाचं हाय रं हे? तुझं तर न्हवं?"

मी म्हणालो, "माझं न्हवं. कुटनं आलंय कुणास ठाऊक."

मास्तर, हे नीट वाचा. मी असंच म्हणालो. कारण माझं म्हटलं असतं तर काय लावलंस, हे कुणीतरी विचारलं असतं. सकाळी मी धनगराचा मोठेपणा मिरवला होता. तो जाऊ नये म्हणून मी जनावर मरू देत होतो. माझ्या हाताला तंबाखूचा वास येत होता, तो हात मी धोतराला पुसत होतो.

माझा आवाज ऐकून करड्या वळला. त्याला उभं राहता येत नव्हतं. पोटावर सरपटत तो माझ्याकडे येऊ लागला, शेपूट हलवत. आणि मी मागे सरकलो.

काशम्मा तेवढ्यात बाहेर आल्या. मागावरून उठून आल्या होत्या, हाताला खळ तशीच होती. त्यांनी करड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत जाऊन पाण्याची पितळी आणली आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या तोंडापुढे ठेवली. करड्याने जीभ घातली. काशम्मा म्हणाल्या, "बघा. पिसाळलेलं कुत्रं पाणी पितंय का? येडू, पाण्याला तूच जास्त भितोस. अंघोळ कवा केलीस?"

माणसं हसली. येडूने काठी खाली घेतली. तो वाईट माणूस नाही. पोराबाळांच्या काळजीने उभा होता. पुढे पाण्याच्या घागरी त्यानेच वाहून आणल्या.

काशम्मांनी करड्याला रस्त्यावरच धुतला. एक घागर ओतायची, हाताने निथळायचं, पुन्हा घागर. पाण्याचा पिवळा रंग जाईपर्यंत. तोंड धुतलं, जीभही ओल्या फडक्याने पुसली, आणि मग ताक पाजलं. त्या माग चालवतात आणि फावल्या वेळात बिड्या वळतात. तंबाखू त्यांना लांबून कळते. करड्याला आत मागाजवळ नेताना त्या माझ्या जवळून गेल्या आणि मला एकट्याला ऐकू येईल असं बोलल्या. "बिड्या वळणाऱ्या बायकांची पोरं सुपातली तंबाखू खाऊन अशीच पडत्यात. तुमी मोटे मेंढरवाले. मेंढरू अंग चाटतंय का?" एवढंच. आळीत आजवर त्यांनी हे कुणालाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तीन दिवस तो मरतो की जगतो, असं होतं. तंबाखूतून वाचला तर उन्हाने धरला. कातरलेली उघडी कातडी भाजून पाठीला फोड आले होते. काशम्मा जुन्या लुगड्याचा ओला तुकडा त्याच्या पाठीवर पसरायच्या आणि तो सुकला की बदलायच्या. मी दारात उभा राहायचो. आत या असं त्या म्हणत नव्हत्या, आणि मी स्वतःहून जात नव्हतो.

चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या, आता तरी डॉक्टर. आम्ही दोघं गेलो. दोरी त्यांनी धरली होती. डॉक्टरने कातडी खरवडून काचेखाली बघितली. मग विचारलं, ह्याला लावलंय काय? मी म्हणालो, कुणीतरी काहीतरी लावलं, साहेब. काशम्मांनी मान दुसरीकडे वळवली. ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी काठी समोर होती, घाबरलो असं म्हणता येईल. ह्या वेळी समोर एक साधा माणूस टेबलाशी बसला होता आणि औषध द्यायला विचारत होता. तरीही मी खोटं बोललो.

डॉक्टर काय म्हणाला ते आता खरं लिहितो, कारण ते तुमच्या आणि ज्ञानबाच्या कामाचं आहे. ही खरूज नाही. मेंढरांना लागणार नाही. पिसवा, गोचिडं आणि उन्हाळ्याची उष्णता, एवढंच. कुत्र्याला कातरू नये, केस हीच त्याची सावली. आठ दिवसांतून एकदा गार पाण्याने, थोड्या साबणाने धुवावं आणि साबण कातडीवर राहू देऊ नये. बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या मागचा भाग सावलीत नीट कोरडा करावा, तिथेच ओल राहून खाज धरते. गोचिडं रोज हाताने काढावीत. त्याचं झोपायचं पोतं जाळून टाकावं, नवं दिलं तर ते रोज उन्हात घालावं. लाल झालेल्या जागी खोबरेल तेलात कालवलेला गंधक, तोही थोडा, आणि मुरेपर्यंत जनावराला चाटू देऊ नये. काशम्मांनी हे सगळं केलं. करड्या त्याने बरा झाला. माझ्या हाताने नाही.

म्हणजे आण्णा, त्याला वाड्यावरून हलवायचीच गरज नव्हती. मी पहिल्या दिवशी फाटकातून आत गेलो असतो तर आठवड्यात तो तुमच्याकडे परत आला असता.

रजा नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं. रजा होती. ते पत्र टाकून पुढच्याच रविवारी मी करड्याला घेऊन तुमच्याकडे निघालो होतो. न सांगता आणून सोडावं, तुमच्या ताटावर बसावं, असं मनात आलं. काशम्मांनी दोरी माझ्या हातात दिली. तो त्यांच्या उंबऱ्यातून निघेना. ओढला तेव्हा चालला. विजापूर रस्त्याच्या नाक्यापर्यंत आला आणि तिथे पाय पसरून बसला. मी खाली वाकलो, थकलेल्या मेंढराला घेतात तसं त्याला खांद्यावर घ्यायला. तो चावला नाही, गुरगुरला नाही. माझा हात लागताच त्याने डोळे मिटून घेतले आणि तिथेच मुतला. मी दोरी सोडली. तो आला त्या रस्त्याने परत गेला. मी मागून गेलो.

बाळे गावच्या खंडोबाला मी दर रविवारी जात असे. करड्याला कातरलं त्या दिवसापासून दर्शन घेतलं नाही. एकदा गेलो, पण पायरीवरून परतलो. कुत्रं देवाचं. भंडाऱ्याला कुठल्या हाताने शिवायचं ते कळलं नाही.

मानमोडीच्या तापाच्या साथीत माझी बायको वाड्यावर वारली तेव्हा तुम्ही स्वतः आजारी होता. मेंढरांना पाणी पाजायला तुमच्याकडे दुसरं माणूस नव्हतं. आणि मी तिसऱ्या दिवशी उजाडताना बाची कातर घेऊन, तुम्हाला न सांगता निघून आलो. दहा वर्षं मी त्याला दुःख म्हणत आलो. दुःख होतंच. पण तुमच्यासमोर रडावं लागेल याची लाजही होती, आणि लाजेपुढे तुमचं काय होईल हे मी पाहिलं नाही. रस्त्यावर मागे सरकलो तो मीच, आणि तेव्हा निघून आलो तोही मीच. तुम्ही मला ओळखूनच उभ्याने पाणी प्यायलात.

आता माझं मागणं. करड्याला न्यायला तुम्हाला यावं लागेल. तो माझ्याबरोबर येत नाही. काशम्मांच्या घरी या. माझ्याकडे यायची गरज नाही. त्यांना तुमच्याबद्दल एवढंच ठाऊक आहे, की कुत्र्याला मारायला तुमचा हात झाला नाही.

ताटाचं मी काही म्हणत नाही.

मास्तर हे वाचत असतील तेव्हा मी ओट्यावर तुमच्यातच बसलेला असेन. मध्ये उठून जावंसं वाटेल, पण जाणार नाही. वाचून झाल्यावर कुणाला जे म्हणायचं असेल ते म्हणावं. आण्णा, तुम्ही शेवटी म्हणा. तोवर मी बसतो.

मायाप्पा